लूपमधले हेड आणि टेल

संगणक पाण्याने थंड ठेवण्याच्या यंत्रणेला त्यातले लोक लूप म्हणतात. लूपमध्ये पाच मुख्य वस्तू असतात: पाण्याची छोटी टाकी, पंप, प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक, ग्राफिक्स कार्डवर बसणारा तसाच दुसरा ब्लॉक आणि पंखे लावलेला रेडिएटर. पाणी टाकीतून पंपात जाते, पंप ते ब्लॉकांमधून ढकलतो, ब्लॉकांत ते उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये ती हवेला देऊन टाकते आणि परत टाकीत येते. यंत्रणा एवढीच आहे. तिच्याबद्दलचा वाद मात्र मोठा आहे. पाणी आधी प्रोसेसरला द्यावे की ग्राफिक्स कार्डला, रेडिएटर शेवटी ठेवावा की मध्ये, हा प्रश्न लूप बांधणारा प्रत्येक माणूस पहिला स्क्रू हातात घेण्यापूर्वी विचारतो. उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न तो दुसऱ्या कोणाला तरी विचारतो, कारण पहिले उत्तर त्याला आवडलेले नसते. ते उत्तर असे की क्रमाने तापमानात जवळजवळ काहीही फरक पडत नाही.

हे उत्तर जगात कुठेच लवकर पचत नाही. नगर जिल्ह्यात, म्हणजे सरकारी कागदावर 2024 पासून अहिल्यानगर आणि एसटी स्टँडवर अजून नगर, ते सर्वांत कमी पचते. त्यात नगरकराचा दोष नाही. पाणी म्हटले की नंबर आला, हे त्याने शाळेत जायच्या आधी शिकलेले असते. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरे झाले, तेव्हापासून जिल्ह्याचे दोन भाग आहेत: पाटपाण्याचा आणि पाटपाण्याची वाट पाहणारा. राहुरीजवळच्या मुळा धरणात 26 टीएमसी पाणी मावते. त्याचा उजवा कालवा राहुरीतून निघून नेवाशावरून शेवगाव-पाथर्डीकडे जातो. कुकडीचा डावा कालवा जुन्नर तालुक्यातल्या येडगावला सुरू होतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालून सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याकडे उतरतो. इतक्या लांबच्या वाटेवर कालव्याच्या तोंडाशी जमीन असलेला तो हेडवाला आणि शेवटाला असलेला तो टेलवाला. हेडवाल्याचा ऊस आणि टेलवाल्याचा अर्ज, अशी पिकांची विभागणी आहे.

पाणी आधी टेलला द्यावे आणि मग मागे येत येत हेडला, असा 'टेल टू हेड' नावाचा एक दंडक आहे. तो आवर्तनाच्या वेळी जाहीर केला जातो. दर वेळी जाहीर करावा लागतो, यावरून तो किती पाळला जातो हे समजते. कालव्याला पाणी सुटल्याची तारीख सगळ्यांना पाठ असते. ते टेलला पोचल्याच्या तारखेबद्दल मतभेद असतात. मधल्या काळात पाटकऱ्याला शोधणे, पाणीमागणीच्या सात नंबर अर्जाची पोच दाखवणे आणि रात्री बॅटरी घेऊन चारीच्या कडेने वर चालत जाऊन कोणी गेट उचलले आहे ते पाहणे, ही कामे टेलवाल्याने करायची असतात. जिल्हा स्वतः हेडला असतो तेव्हा गोष्ट थोडी बदलते. गोदावरी खोऱ्यात नगर-नाशिकची धरणे वर आहेत आणि पैठणचे जायकवाडी खाली. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानंतर 'समन्यायी वाटप' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. श्रीगोंद्याला टेलची व्यथा सांगणारा माणूस जायकवाडीचे नाव निघाले की हेडच्या अडचणी सांगू लागतो. दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो.

अशा घरातला मुलगा पुण्याहून पार्सल मागवून नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटमध्ये लूप बांधायला घेतो, तेव्हा बघायला गावाकडून चुलते आलेले असतात. त्यांना प्रोसेसर म्हणजे काय हे माहीत नसते. पाणी म्हणजे काय हे त्यांना फार चांगले माहीत असते.

"आधी पाणी कोणाला?"

"प्रोसेसरला, नाना. मग ग्राफिक्स कार्डाला."

"म्हंजी कार्ड टेलला."

"तसं नाही. दोघांनाही सारखंच पाणी मिळतं. कोणी पीत नाही ते, नुसतं अंगावरून जातं."

"हेडवाले असंच म्हनत्यात."

या संवादात नाना चुकले आहेत आणि तरी त्यांचा मुद्दा अगदी पक्का आहे. सगळा घोळ त्यांच्या वाक्यातच दिसतो. कालव्यात वरचा माणूस पाणी घेतो, म्हणून खाली कमी येते. उरलेल्यातले काही जमिनीत मुरते, काही उन्हाने उडून जाते. लूप बंद असते. तिच्यात लिटरभराच्या आसपास पाणी असते आणि ज्या क्षणी पंपातून एक थेंब पुढे सरकतो त्याच क्षणी टाकीत एक थेंब परत येतो. एकापुढे एक जोडलेल्या ब्लॉकांमधून मिनिटाला जितके पाणी जाते तितकेच सगळ्यांमधून जाते. पहिला ब्लॉक कितीही खादाड असला तरी त्याला एक चमचाही ठेवून घेता येत नाही. क्रमाने बदलू शकते ते फक्त पाण्याचे तापमान, आणि तेही किती बदलते हे मोजता येते.

एक किलो पाणी 1 अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे 4,186 जूल उष्णता लागते. पाण्याइतकी उष्णता पोटात ठेवून घेणारे पदार्थ फार थोडे आहेत. बरा पंप मिनिटाला 4 लिटर पाणी फिरवतो. हिशेब केला तर अशा प्रवाहाला 1 अंशाने तापवायला साधारण 280 वॅट लागतात. आता 125 वॅटचा प्रोसेसर आणि 300 वॅटचे ग्राफिक्स कार्ड घ्या. प्रोसेसरमधून बाहेर पडताना पाणी अर्ध्या अंशापेक्षा थोडे कमी तापलेले असते, कार्डातून बाहेर पडताना 1 अंशापेक्षा जरा जास्त. दोन्ही मिळून दीड अंश. म्हणजे लूपमधले सर्वांत गार पाणी आणि सर्वांत गरम पाणी यांच्यात दीड अंशाचे अंतर आहे. प्रोसेसरला कार्डाच्या आधी ठेवले की त्याचा फायदा सुमारे 1 अंश, कार्डाचा तोटा सुमारे अर्धा. शिवाय लिटरभर पाणी मिनिटाला चार फेऱ्या मारते. पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ठरवेपर्यंत पाणी पुन्हा पहिल्याकडे पोचलेले असते.

हा 1 अंश किती मोठा आहे हे समजण्यासाठी तो कुठे बसतो ते पाहावे लागते. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालताना त्याच्या आतला सेन्सर 75 अंश दाखवतो असे धरू. त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून जाणारे पाणी 38 अंश असते. मधले 37 अंश सिलिकॉनमधून धातूच्या झाकणात, झाकणातून पेस्टच्या थरात, पेस्टमधून तांब्यात आणि तांब्यातून पाण्यात जाताना खर्च होतात. पेस्ट नीट न लावल्यामुळे 5 अंशांचे नुकसान सहज होते, पण पेस्टबद्दल माणूस रात्री जागत नाही. नव्या प्रोसेसरचे तापमान नुसता ब्राउझर उघडला तरी दोन सेकंदांत 10 अंश वर जाऊन खाली येते. या उड्यांमध्ये क्रमाचा 1 अंश शोधणारा माणूस स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे टक लावून बसतो. त्याने ज्या खेळासाठी हे सारे केले तो खेळ मागे चालू असतो आणि त्यात तो मरत असतो.

प्रयोग करून खात्री करावी असे प्रत्येकाला वाटते आणि तो प्रयोग जवळजवळ प्रत्येक जण एकाच पद्धतीने बिघडवतो. लूप सुरू केल्यावर पाणी हळूहळू तापत जाते आणि जितकी उष्णता आत येते तितकीच रेडिएटरमधून बाहेर जाऊ लागली की तापमान एका जागी थांबते. याला अर्धा तास लागू शकतो. प्रयोग करणारा पाच मिनिटे थांबतो. क्रम बदलायचा तर सगळे पाणी काढावे लागते, नळ्या सोडाव्या लागतात, नव्या कापाव्या लागतात, भरावे लागते आणि बुडबुडे जाईपर्यंत थांबावे लागते. म्हणून पहिली चाचणी एका रविवारी होते आणि दुसरी पुढच्या. पहिली सकाळी सातला, घरातले उठायच्या आत. दुसरी दुपारी दोनला, कारण सकाळी नळी कापताना चार मिलिमीटर कमी भरली आणि दुसरी आणायला जावे लागले. मध्ये वळवाचा एक पाऊस होऊन गेलेला असतो. खोलीचे तापमान 8 अंशांनी बदललेले असते आणि निष्कर्ष निघतो की कार्ड आधी ठेवल्याने प्रोसेसर 8 अंशांनी तापला. हा निष्कर्ष मित्रांना सांगितला जातो. मित्रांपैकी एक जण अगदी उलटा क्रम लावून, उलट्या वेळी मोजून, उलटा निष्कर्ष काढतो. दोघांचे बोलणे काही दिवस बंद राहते.

दोन रेडिएटर असणाऱ्यांचा पंथ वेगळा. प्रोसेसर, मग एक रेडिएटर, मग कार्ड, मग दुसरा रेडिएटर अशी त्यांची मांडणी असते. मधला रेडिएटर पाणी 'पुन्हा गार करून' पुढच्याला देतो, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. फक्त प्रोसेसरने पाणी मुळात अर्धा अंश तापवलेले होते, त्यामुळे मधल्या रेडिएटरने कितीही जीव टाकला तरी तो सुधारू शकतो तो घोटाळा तेवढाच. रेडिएटर किती उष्णता फेकतो हे त्याच्या क्षेत्रफळावर, पंख्यांवर आणि पाणी हवेपेक्षा किती गरम आहे यावर ठरते. दोन रेडिएटरांचे क्षेत्रफळ ते कुठेही बसवले तरी दोन रेडिएटरांइतकेच असते. मांडणी मात्र अशी होते की नळी खालून वर, वरून मागे, मागून पुढे जाते आणि वाटेत आठ वळणे घेते. प्रत्येक वळणाला प्रवाह थोडा अडतो. पाणी गार करण्यासाठी घातलेल्या वळणांनी पाणी मंद होते, हे त्या माणसाला कोणी सांगत नाही. सांगितले तर तो आणखी एक पंप घेतो.

क्रमाला महत्त्व येते ते प्रवाह फार मंद झाला की. मिनिटाला 1 लिटर पाणी फिरत असेल तर तेच 300 वॅटचे कार्ड पाण्याला 4 अंशांपेक्षा जास्त तापवते आणि पुढच्याला खरोखर टेलचे पाणी मिळते. पण अशा लूपमध्ये क्रम बदलणे हा उपाय नसतो. पंप का दमला, नळी कुठे दुमडली, ब्लॉकच्या बारीक पन्हाळ्यांत काय अडकले, हे पाहावे लागते. नाना इथे उपयोगी पडतात. टेलला पाणी कमी आले की टेलच्या माणसाने वर चालत जायचे असते, हे त्यांना कळते.

क्रमाला महत्त्व येणारी दुसरी जागा मोठ्या यंत्रांची. आयबीएमने 1960 च्या दशकातच सिस्टिम 360 मालिकेतल्या मोठ्या यंत्रासाठी पाणी वापरले होते आणि 1985 च्या क्रे-2 मध्ये तर सगळी सर्किटे एका निष्क्रिय द्रवात बुडवलेली होती. नगरपासून तीन तासांवर, पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकातही चिपपर्यंत द्रव नेऊन उष्णता काढायची सोय आहे. असे संगणक म्हणजे शेकडो प्रोसेसर. ते सगळे एकापुढे एक जोडले आणि प्रत्येकाने अर्धा अंश जरी घातला, तरी शंभराव्या प्रोसेसरला पाणी नव्हे, चहाचे आधण मिळेल. म्हणून मोठ्या यंत्रांत एक मुख्य नळ असतो आणि त्याला समांतर फाटे फुटतात, म्हणजे प्रत्येकाला थेट मुख्य कालव्यावरची स्वतंत्र चारी. सगळ्यांना एकाच तापमानाचे पाणी. यातही एक मेख आहे. समांतर फाट्यांत पाणी कमी अडथळ्याच्या वाटेने जास्त जाते, त्यामुळे प्रत्येक फाट्याचा अडथळा जुळवून घ्यावा लागतो. हे काम तिथे अभियंते करतात आणि रात्री येऊन गेट उचलणारे कोणी नसते.

घरच्या लूपमध्ये क्रमाचे दोनच नियम खरे आहेत आणि त्या दोन्हींवर कोणी वाद घालत नाही. पहिला: टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर असावी. लूपच्या पंपांत बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच असते. पंपात पाण्याऐवजी हवा आली तर तो किंचाळतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो. गप्प झालेला पंप पुन्हा बोलत नाही. विहिरीवरची मोटर हवा धरते हे गावात सगळ्यांना माहीत असते, ती सुरू करण्यापूर्वी तिला पाणी पाजायचे असते हेही. तरीही नळ्या दिसायला सुंदर याव्यात म्हणून पंप सर्वांत वर आणि टाकी तळाला अशी मांडणी करणारे असतात. फोटो छान येतो. फोटो काढताना पंप बंद असतो.

दुसरा नियम ब्लॉकच्या तोंडांचा. प्रोसेसरच्या ब्लॉकला दोन भोके असतात आणि अनेक ब्लॉकांत ती अदलाबदल करता येत नाहीत. आत येणारे पाणी एका बारीक फटीतून नेमके मधल्या, सर्वांत तापणाऱ्या भागावर पडावे आणि मग दोन्ही बाजूंनी पसरावे, अशी आतली रचना असते. नळ्या उलट्या लावल्या तर पाणी कडेने शिरून मध्ये जमते आणि तापमान काही अंशांनी वाढते. म्हणजे कोण आधी या वादात एक महिना घालवून 1 अंश वाचवता येतो, आणि 'इन' कुठले हे न वाचता त्याच्या तिप्पट घालवता येतो. 'इन' ही अक्षरे ब्लॉकवर कोरलेली असतात. ती वाचायला चष्मा लागतो, आणि लूप बांधण्याचा छंद साधारणपणे चष्मा लागण्याच्या वयाच्या आधी लागतो.

आता ज्याने खरोखर फरक पडतो त्याकडे. लूप कितीही महाग असली तरी पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. चांगल्या लूपमध्ये पाणी हवेपेक्षा साधारण 10 अंश वर राहते. डिसेंबरात नगरची थंडी पडते तेव्हा पहाटे पाणी 25 अंशांवर असते आणि मालकाला आपण मोठे अभियंते आहोत असे वाटते. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, वरच्या मजल्याच्या स्लॅबखालची खोली दुपारी 38 अंशांवर जाते, आणि तीच लूप, तोच क्रम, त्याच नळ्या असताना पाणी 48 वर पोचते. अनेक पंपांसाठी पाण्याची मर्यादा 60 अंशांच्या आसपास दिलेली असते. तेव्हा 23 अंशांनी हात टेकायला लावणाऱ्या उन्हाकडे दुर्लक्ष करून मालक 1 अंशाच्या क्रमाकडे वळतो. उन्हाचे काही करता येत नाही. नळी कापता येते.

काही घरांत त्यावर वाळ्याचा कूलर संगणकासमोर आणून ठेवतात. याने खरोखर उपयोग होतो, कारण कूलरमधले पाणी बाष्प होताना हवेची उष्णता घेते आणि कोरड्या हवेत ती बरीच गार होते. नगरला हा शोध नवा नाही. 1583 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या निजामशाही फराहबागेचा अष्टकोनी महाल मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला आहे, आणि आत शिरणारी हवा त्या पाण्यावरूनच येत असे. अडीच टन एसीचा प्रश्न त्या काळी अशा रीतीने सोडवला होता. फरक इतकाच की तलाव बाहेरून भरावा लागे, आणि त्यासाठी लांबून खापरी नळांनी पाणी आणावे लागे. लूपवाल्याने कूलर जवळ आणताना एक लक्षात ठेवायचे: त्याचे शिंतोडे मदरबोर्डवर येता कामा नयेत. तेवढे लक्षात राहत नाही आणि मग क्रमाच्या वादाला नवे कारण मिळते, कारण संगणक बंद पडलेला असतो.

पंखे आणि धूळ हा विषय इतका साधा आहे की त्यावर कोणी बोलत नाही. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमध्ये सहा महिन्यांत धुळीचा नमदा बसतो. एमआयडीसीच्या बाजूला किंवा रस्त्याचे काम चालू असलेल्या गल्लीत, म्हणजे नगरमध्ये कुठेही, तो लवकर बसतो. ब्रशने झाडल्यावर पाणी 4-5 अंशांनी उतरू शकते. ते झाडण्याचे काम आईकडून होते, दिवाळीला, आणि ती फडका ओला करून घेते.

पाण्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण इथे नगरकराला अनुभव आहे आणि तो अनुभव अर्धाच उपयोगी पडतो. बोअरचे पाणी क्षारांचे. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर कसा चढतो हे सगळ्यांनी पाहिलेले असते. तसाच थर ब्लॉकच्या पन्हाळ्यांत चढतो, आणि त्या पन्हाळ्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अरुंद असतात. "जारचं पाणी चालेल का?" हा पुढचा प्रश्न. जारच्या पाण्यातही क्षार उरतात, ते प्यायला चालते, लूपला नाही. लागते ते डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते.

"किती एएचची बॅटरी?" दुकानदार विचारतो.

"बॅटरी नाही. कॉम्प्युटरमध्ये घालायचंय."

"कॉम्प्युटरमध्ये?"

"पाण्यावर चालतो ना, म्हणजे थंड होतो."

दुकानदार दोन बाटल्या काढून काउंटरवर ठेवतो आणि पैसे आधी घेतो.

नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात काही महिन्यांनी शेवाळ येते, विशेषतः टाकी पारदर्शक असून खिडकीजवळ असेल तर. म्हणून त्यात जंतुनाशक थेंब घालतात, किंवा तयार मिश्रण वापरतात. तांब्याच्या ब्लॉकबरोबर स्वस्त मिळाला म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर लावला तर दोन धातूंमध्ये रासायनिक भांडण सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. त्यात क्रम काहीही असला तरी ॲल्युमिनियम हरते. मिश्रणात रंग घालण्याची फॅशन आहे. निळ्या रंगाचे पाणी जास्त गार असते असे मानणारे लोक आहेत आणि त्यांतले काही इंजिनिअरिंग शिकलेले आहेत.

लूप भरताना पहिला नियम असा की फक्त पंपाला वीज द्यावी, मदरबोर्डला नाही. सगळ्या जोडांखाली पांढरा टिश्यू कागद घालून ठेवावा आणि निदान एक रात्र पंप चालू ठेवून कागद ओला होतो का ते पाहावे. त्या रात्री घरातले दोघे-तिघे उठून येतात.

"काय गळतंय का?"

"नाही."

"मग हा थेंब कशाचा?"

हा थेंब बहुतेक वेळा बांधणाऱ्याच्या कपाळावरचा असतो. तसा नसेल तर जोड घट्ट करायचा असतो, पण पान्याने नाही, हाताने. पान्याने आवळलेले रबरी वायसर चिरते आणि दुसऱ्या दिवशी कागदाऐवजी टॉवेल लागतो. वीज गेली तर काळजी नसते. पंप थांबतो तसाच प्रोसेसरही थांबतो, आणि उष्णता तयार होणेच बंद होते. लूपवाल्यांमध्ये वीज जाण्याची भीती बरीच आहे, पण ती अर्धवट राहिलेल्या खेळाची असते.

पाणी वर्षा-दोन वर्षांनी बदलावे लागते. त्यासाठी लूपच्या सर्वांत खालच्या जागी एक छोटा व्हॉल्व्ह बसवून ठेवावा, त्याला नळी लावली की सगळे पाणी बादलीत उतरते. हा व्हॉल्व्ह कार्डाच्या आधी की नंतर, याचा विचार करू नये; तो खाली असावा, बस. क्रम ठरवण्याच्या नादात ज्यांचा तो राहून जातो, त्यांना पाणी काढायला पंधरा-वीस किलोचे कॅबिनेट उचलून मोरीत नेऊन आडवे करावे लागते. तेव्हा दुसरे टोक धरायला कोणीतरी लागते, आणि घरात त्या वेळी सहसा नानाच असतात.